कोंडाआत्यानं थांबवलेलं आभाळ

सर्व वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, सदर लेखिका पूर्ण शुद्धीवर असून तिचा चष्म्याचा नंबर, रक्तदाब आणि संसार हे तिन्ही समाधानकारक आहेत. तिने आजवर भूत, भानामती, करणी, चकवा यांपैकी काहीही पाहिलेले नाही व तशी इच्छाही कोठे व्यक्त केलेली नाही. तरीही पुढील निवेदन करणे तिला भाग पडत आहे. कोणीही उभे राहण्याची आवश्यकता नाही.

हुश्श... झालं. आता बसून बोलू.

माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. हे वाक्य असे अनुभव सांगताना प्रत्येकजण लिहितो हे मला माहीत आहे, पण माझं तर पोटच या अविश्वासावर चालतं! मी मूळची सांगलीची, राहतेही सांगलीतच, आणि नोकरी करते कोकणातल्या, अगदी समुद्राला लागून असलेल्या एका विज्ञान संग्रहालयाची. तिथे मोठं तारांगण आहे. सुट्टीच्या दिवशी सगळ्या कुटुंबानं मिळून करायचे कार्यक्रम असतात... भरती-ओहोटीचे प्रयोग, शिंपल्यांची ओळख, दुर्बिणी, आकाशदर्शन. पण घाटावरच्या लोकांनी पोरंबाळं घेऊन समुद्रापर्यंत यायचं कधी? म्हणून संग्रहालयानं एक फुगवायचं तारांगण केलं, ते एका टेम्पोत घातलं आणि सातारा-सांगली हे दोन जिल्हे मला आंदण दिले. टेम्पो चालवतात दत्तूकाका. पक्के कोकणी. दर मुक्कामी माझ्या हातचा चहा पिऊन "नाय, पाण्याचाच दोष असणार" असं म्हणणारे.

फुगवायचं तारांगण म्हणजे जाड काळ्या कापडाचा घुमट. शाळेच्या हॉलमध्ये पसरायचा, मोठ्या पंख्यानं हवा भरायची, की बघता बघता तीसेक माणसं मावतील असा टम्म उभा राहतो. आत मधोमध एक यंत्र. कळशीएवढा काळा गोळा, त्याला बारीक बारीक भोकं आणि पोटात एक दिवा. दिवा लावला की घुमटभर तारे. खालची मोटर सुरू केली की गोळा सावकाश फिरतो आणि तारे उगवतात, मावळतात. भर दुपारी अमावास्या! मी काळी साडी नेसते, सुरुवातीला शंख फुंकते आणि "आता सूर्याला रजा देण्यात येत आहे" अशी घोषणा करते. नवरा याला 'सोंग' म्हणतो. मी 'विज्ञानप्रसार' म्हणते.

माझ्या कार्यक्रमाला एक नियम आहे. नातवंडाशिवाय आजी-आजोबांना प्रवेश नाही आणि आजी-आजोबांशिवाय नातवंडांना प्रवेश नाही. शेवटचा खेळ असतो 'जन्माचं आकाश'. आजीनं आपली जन्मतारीख सांगायची आणि ती जन्मली त्या रात्री डोक्यावर कोणते तारे होते ते मी दाखवायचं. नात आजीकडे अशी बघते, जणू आजी कधी जन्मली असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

समुद्राकाठी हा खेळ झकास चालला. घाटावर आले आणि पहिल्याच गावात फजिती. पहिले आजोबा उठले. "एक जून." दाखवलं. दुसऱ्या आजी. "एक जून." वा, योगायोग! तिसरे आजोबा — एक जून. चौथे — एक जून. एकच आभाळ चार वेळा दाखवून झाल्यावर माझी ट्यूब पेटली. अहो, माझे सासरेही एक जूनचेच! त्या काळी पोराला शाळेत घालायला आणलं की आई-बापाला तारीख ठाऊक नसायची. मग गुरुजी पोराच्या तोंडाकडे बघून वय ठरवायचे आणि शाळेच्या हिशोबाला सोपी म्हणून एक जून लिहून मोकळे व्हायचे. अख्ख्या पिढ्याच्या पिढ्या एकाच दिवशी जन्माला घातल्या त्या गुरुजींनी. ब्रह्मदेवालाही जमलं नसतं!

तर घडलं ते याच एक जूनमुळे.

गाव माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पुढचं. नाव सांगत नाही, कारण माणसं आपल्यातली आहेत आणि मला पुन्हा तिकडे जायचंय. फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे अकरा. जिल्हा परिषदेची शाळा, लांबट हॉल, बाहेर रणरण सुरू झालेली. बोलावणारी शिक्षिका सुरेखाबाई. गावात बहुतेक धनगर वस्ती. एके काळी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पार कोयनेच्या अंगापर्यंत उतरणारी, आता थोडी शेती आणि थोडी मेंढरं राखून असणारी.

घुमट फुगत होता तेवढ्यात सुरेखाबाईंनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, एक सांगून ठेवते. ते दोन म्हातारे दिसतायत ना, तांबड्या पटक्यातले? एक त्या खांबाशी, दुसरे पार तिकडच्या भिंतीशी. खांबाशी सिदूआबा, भिंतीशी धुळाआबा. सख्खे चुलतभाऊ. त्यांना शेजारी बसवू नका."

"का? चावतात की काय?"

"बोलत नाहीत. तीन वर्षं झाली."

कारण असं. गावच्या बिरोबाच्या यात्रेत पालखी उचलताना पहिला खांदा त्यांच्या घराचा. घरातला जो थोरला, त्याचा मान. चुलते होते तोवर प्रश्न नव्हता. ते गेले आणि मग प्रश्न आला... या दोघांतला थोरला कोण? दोघं एकाच साली, बिऱ्हाड मेंढरांमागे हिंडत असताना, उघड्यावर जन्मलेले. शाळेच्या दाखल्यावर दोघांचीही तारीख एकच. सांगायला नकोच, एक जून. "मी थोरला", "मी थोरला" करत तीन यात्रा गेल्या. पालखी देवळातून उठलीच नाही. पुढची यात्रा आठ दिवसांवर होती.

"मग सांगणारं कुणीच नाही?"

"आहे ना. आत्या आहे." सुरेखाबाईंनी व्हरांड्याकडे बोट केलं. तिथे भिंतीला टेकून एक वाळकी, ताठ म्हातारी बसली होती. कोंडाआत्या. दोघांच्याही बापांची बहीण. नव्वदीच्या आसपासची. "दोघांच्या जन्माला तीच होती. पण दोघांच्या आया तिच्या भावजया, एकमेकींच्या जावा. त्यांनी तिला देवाची आण घातली होती, कोण आधी आणि कोण मागून ते तोंडानं सांगायचं नाही म्हणून. पोरांत थोरला-धाकटा नको, दोन्ही पोरं सारखी वाढू देत म्हणून. आता त्या दोघी गेल्या. आण तशीच राहिली."

म्हणजे भांडण होऊ नये म्हणून घातलेल्या शपथेमुळेच भांडण! मला मनातून फार आनंद झाला, हे कबूल करते. अशी गोष्ट माझ्यासारखीला आयती मिळत नाही.

"आत्याला बघवत नाही हो," सुरेखाबाई म्हणाल्या. "सहा महिने याच्या घरी, सहा महिने त्याच्या घरी असते. दोन्हीकडे एकच म्हणते... पालखीचा ढोल ऐकूनच जाणार."

'बघवत नाही' हा आपला बोलण्याचा प्रघात. आत्याला खरंच काही दिसत नव्हतं. काचबिंदू. मिरजेला मोठ्या डॉक्टरांना दाखवून आणलं होतं, पण फार उशीर झाला होता. उजेड आणि अंधार हेही कळत नाही, असं कागदावर लिहून दिलेलं. तो कागद मी नंतर स्वतः वाचला, हे इथेच सांगून ठेवते.

कार्यक्रम सुरू झाला. शंख, सूर्याची रजा, टाळ्या. मी मृग दाखवलं, त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण दाखवला, तर सगळे म्हातारे एकदम म्हणाले, "तिकांडं!" मग काय, मी शिकवायचं सोडून शिकायलाच लागले. तिकांडं कुठं आलं की मेंढरं उठवायची, कुठं गेलं की पहाट झाली असं समजायचं, हे त्यांना पाठ. घड्याळ कुणाकडे होतं?

मग 'जन्माचं आकाश'. पहिल्या चौघांची एक जून झाल्यावर खांबाजवळचे — नाही, आता घुमटात खांब नव्हता — माझ्या उजव्या हाताचे सिदूआबा उठले. मांडीवर नात.

"आवं म्याडम, एक इच्यारू का? ह्ये तुमचं यंत्र आमच्यातला थोरला कोन त्ये सांगंल का?"

पलीकडून धुळाआबांचा आवाज आला, पण सिदूआबांना नाही, माझ्याकडे बघून. "त्येंला म्हणावं, यंत्राला कशाला तरास? आरशात बघ म्हणावं. कोन म्हातारा दिसतंय त्ये कळंल."

पोरं खदखदून हसली. मी सांगितलं, आबा, तारीख-वेळ ठाऊक असेल तर यंत्र आभाळ दाखवतं. आभाळावरून माणूस नाही ओळखता येत.

आणि तेव्हा दाराजवळच्या अंधारातून, नातवंडांनी आत आणून बसवलेली कोंडाआत्या बोलली.

"मला म्होरं न्या."

तिला हात धरून यंत्राजवळ आणलं. ती मांडी घालून बसली. म्हणाली, "धुळ्या, हिकडं ये. सिद्या, तू हिकडं." दोन सत्तरीचे म्हातारे पोरांसारखे येऊन तिच्या दोन बाजूंना बसले, मधे ती असल्यामुळे शेजारी न बसता. तिनं एक हात धुळाआबांच्या पटक्यावर ठेवला, एक सिदूआबांच्या.

"बाई, तुजं आभाळ फिरतं म्हनं?"

"फिरतं आत्या."

"फिरव."

मी मोटर सुरू केली. घरघर सुरू झाली, तारे सरकायला लागले. मला वाटलं, म्हातारीची हौस. आता मी रंगात येऊन काही तरी बोलणार, एवढ्यात—

"थांब."

मोटर बंद. तिचा उजवा हात धुळाआबांच्या डोक्यावर दाबला गेलेला सगळ्यांनी पाहिला. पूर्वेला तिकांडं नुकतं वर आलं होतं. उगवताना ते तीन तारे एकावर एक असतात, जवळजवळ सरळ.

"काठीवानी हुबं हाय का न्हाई?" आत्यानं विचारलं.

"...आहे."

"चालू दे."

पुन्हा घरघर. तिकांडं चढलं, डोक्यावरून गेलं, पश्चिमेला कललं. "थांब." आता डावा हात. सिदूआबांचं डोकं.

एक अख्खी रात्र आमच्या डोक्यावरून गेली होती. दिवाळीनंतर बिऱ्हाड हिंडतं त्या थंडीत तिकांडं तिन्हीसांजेला उगवतं आणि पहाटे मावळतीला जातं; म्हणजे एक पोर तिन्हीसांजेला जन्मलेलं, दुसरं पहाटे. आण घातली होती ती तोंडानं न सांगण्याची. तिनं तोंडानं 'थांब'खेरीज काहीच सांगितलं नव्हतं! मी तर टाळी वाजवायच्या बेतात होते, तेवढ्यात सिदूआबा उसळले.

"ह्ये काय खरं न्हवं! तिकांडं उगावलं तवा पोरं वरडली. त्ये ऐकून आत्या थांब म्हनली. आंदळ्या मान्साला दिसलं कसं?"

खरं होतं. पोरं ओरडली होती. आणि मी, विज्ञानाची बाई, हे माझ्या आधी एका मेंढपाळाच्या लक्षात आलं म्हणून ओशाळले. म्हटलं, थांबा आबा, आता नीट करू. यंत्राच्या कड्यावर वेळेच्या खुणा असतात. मी आत्याच्या दोन्ही जागांवर पेन्सिलीनं रेघा ओढल्या. सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. गोळ्यावर त्याचं काळं झाकण घातलं, म्हणजे दिवा लागलेला असूनही एक तारा दिसणार नाही. गोळा मोटरीला जोडणारा खटका सैल करून गोळा हातानं गरागरा फिरवला आणि कुठेतरी सोडून दिला. कुठे ते मलाही ठाऊक नव्हतं. काळोख असा, की स्वतःचा हात दिसत नव्हता.

मोटर सुरू केली.

बराच वेळ गेला. कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं, एक पोरगी हसली, तिच्या आजीनं तिला चिमटा काढला असावा. मग—

"थांब."

आम्ही कड्यावर मारायला तांबडी बॅटरी वापरतो. डोळ्यांना त्रास होत नाही म्हणून. बॅटरी मारली. काटा पेन्सिलीच्या रेघेवर. रेघेच्या जवळपास नाही... रेघेवर.

दुसरी जागा. "थांब." रेघेवर.

बाहेर दत्तूकाका कुणाला तरी चहाबद्दल काही सांगत होते, ते ऐकू येत होतं. एवढं सगळं नेहमीसारखं होतं. मी विचार केला, मोटरीचा आवाज. नक्की मोटरीच्या आवाजावरून म्हातारी काळ मोजते आहे. मग मी लबाडी केली. कुणाला न सांगता खटका सोडला. आता मोटर तशीच घरघरत राहणार, पण गोळा जागचा हलणार नाही. बटण दाबलं.

दोन-तीन श्वास गेले असतील. आत्या वैतागून म्हणाली, "आगं, आभाळ हुबं केलंस की! फिरव. एक पोर झालं, दुसरं अजून व्हायचं हाय."

मी खटका घातला. जे सरळ विचारायचं ते विचारायचं धाडस नव्हतं म्हणून असेल... मी मोटर उलटी फिरवली. आजवर कुठल्याही कार्यक्रमात मी आभाळ उलटं फिरवलेलं नाही.

आत्या दोन्ही हात वर करून ओरडली, "आगं ए बाई! उलटं नगं फिरवू! पोरं माघारी पोटात जात्याल!"

घुमट हसण्यानं हादरला. मी मात्र हसू शकले नाही. मी झाकण काढलं. तारे पुन्हा आले आणि त्या उजेडात मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. पांढुरके, स्थिर, कुठेच न बघणारे.

आता स्पष्टीकरणाचं बघू. मी प्रयत्न कमी केले नाहीत.

सांगलीत आमच्या हॉलमध्ये यंत्र मांडून नवऱ्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. गोळा कुठे आला ते ओळख म्हटलं. तो आठ वेळा "थांब" म्हणाला, त्यातल्या आठही वेळा स्वयंपाकघरातून चहाचा वास आला होता. मग मी मिरजेला गेले. तिथे एक तंबोरे करणारे कारागीर माझ्या ओळखीचे आहेत. लाकडावर टिचकी मारून आत गाठ कुठे आहे ते सांगणारा कान. त्यांना कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मोटर ऐकवली. खटका घालून, खटका सोडून, सुलटी, उलटी. त्यांनी फार मन लावून ऐकलं.

"गोळा फिरतोय की नुसती मोटर फिरते, हे कळतं," ते म्हणाले. "अगदी बारीक फरक आहे, पण आहे. उलटं फिरवलेलंही कळतं."

मला केवढं हायसं वाटलं! म्हटलं, चला. सुटलं. मग विचारलं, "आणि गोळा कुठवर आलाय ते?"

त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. "बाई, आवाज सगळीकडे सारखा आहे. गोल फिरणाऱ्या वस्तूत सुरुवात कुठली, हे तिनं सांगितल्याशिवाय कळायचं कसं?"

तर आभाळ थांबलं हे कसं कळलं, याचं अर्धमुर्धं उत्तर माझ्याकडे आहे. झाकलेल्या गोळ्यावरचं, मलाही न दिसणारं तिकांडं दोन्ही वेळा नेमकं कुठे होतं हे कसं कळलं, याचं नाही. दत्तूकाकांचं मत, "म्हातारी काय साधी नाय." हे मत मी संग्रहालयाच्या अहवालात लिहू शकले नाही. अहवालात मी लिहिलं — कार्यक्रम उत्तम, ज्येष्ठांचा सहभाग लक्षणीय.

नंतर एकदा, यात्रा होऊन गेल्यावर, मी मुद्दाम जाऊन आत्यालाच विचारलं. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "पन्नास वर्सं उघड्यावर निजले. आभाळ अंगावरनं जातं. तुमच्या अंगावरनं जात न्हाई व्हय?"

मी खरं काय ते सांगितलं. नाही जात. मी आयुष्यभर आभाळ दाखवत आले, तारा आणि तारा नावानं ओळखते, पण ते अंगावरून जाताना मला कधी कळलं नाही. तिला माझी दया आली असावी, कारण तिनं शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. आता मी कधी कधी गच्चीवर उताणी पडून डोळे मिटते आणि वाट बघते. डास कळतात. शेजाऱ्यांची टाकी भरून वाहते ते कळतं. आभाळ अजून कळलेलं नाही. पण मी प्रयत्न सोडलेला नाही. आणि हे वाक्य लिहिताना मी जरासुद्धा नाटक करत नाहीये.

यात्रेत पालखी उठली. सुरेखाबाईंनी ढोलाचा आवाज फोनवर ऐकवला. पहिला खांदा कोणाचा, हे मी विचारायच्या आत त्याच म्हणाल्या की तो वाद त्या दिवशी घुमटातच संपला होता. संपला म्हणजे कसा, ते तेवढं सांगायचं राहिलंय.

झालं असं, की आत्या "पोटात जात्याल" म्हणाली, लोक हसले आणि हसणं ओसरल्यावर सगळ्यांना एकदम कळलं की निकाल लागलेला आहे. धुळाआबा थोरले. एका रात्रीनं. सगळे सिदूआबांकडे बघायला लागले. ते मान खाली घालून बसले होते. आत्याचा हात अजून त्यांच्या डोक्यावर.

"म्या काय बोलले का?" आत्या शांतपणे म्हणाली. "कुनी म्हनाया नगं म्या आण मोडली."

आणि त्याच क्षणी शाळेची लाईट गेली.

तारे विझले ते सोडा. पंखा बंद पडला. पंखा बंद पडला की घुमटातली हवा हळूहळू निघते आणि कापड खाली यायला लागतं. घाबरण्यासारखं काही नसतं. तेवढ्यात माणसं सहज बाहेर पडतात. फक्त दार अगदी बुटकं, एका वेळी एकानं वाकून निघायचं. मी बॅटरी लावली, आधी पोरं काढली, मग आज्या, मग आजोबा. बाहेरून दत्तूकाका एकेकाला ओढून घेत होते. आत्या जागची हलेना. "ह्ये दोगं निगाल्याबिगर म्या न्हाई जायची," म्हणाली. राहिलो आम्ही चौघं. मी, ती आणि ते दोघे.

सिदूआबा दारापर्यंत गेले. वाकले. आणि थांबले. मागे वळून, तीन वर्षांत पहिल्यांदा, धुळाआबांच्या तोंडाकडे बघून बोलले.

"तू हो म्होरं. थोरला हाईस."

धुळाआबांनी त्यांचा दंड धरला. मग म्हणाले, "न्हाई रं सिदू. तू हो."

"आसं कसं? मान तुजा हाय."

"मान पालखीचा. दाराचा न्हाई. तू हो म्होरं."

"थोरल्याच्या आदी धाकल्यानं पाऊल टाकायचं व्हय? लोक काय म्हनत्याल?"

"लोक भाईर हाईत. हितं कोन बगतंय? हो म्हनतो न्हवं!"

"आरं पर थोरला तू—"

"थोरला म्या हाय न्हवं? मग थोरला सांगतोय, तू हो म्होरं!"

"तसं आसंल तर थोरल्याचं ऐकतो... पर म्होरं तूच!"

दोघांनी एकमेकांचे दंड धरले होते आणि एकमेकांना दाराकडे ढकलत होते. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि एकही मागे हटायला तयार नव्हता. घुमट खाली खाली येत होता. आधी माझ्या अंबाड्याला लागला, मग त्यांच्या पटक्यांवर टेकला. बाहेरून दत्तूकाका "आत काय चाललंय काय!" म्हणून बोंबलत होते.

शेवटी कापड कोंडाआत्याच्या कपाळाला लागलं. तिनं एका हातानं ते वर रेटून धरलं आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"आरं मुडद्यांनो, कुनीतरी निगा की रं भाईर... आभाळ डोस्क्यावर आलं की!"